इतका स्वच्छ एअर फिल्टर

तिसऱ्या वेळीही जीप फेल झाली.

स्क्रीनवर आकडा होता ३.६१. तो २.४५ च्या आत यायला हवा होता. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता आणि आरटीओचा कॅम्प चार वाजता उठणार होता.

"काय म्हनतंय मशिन?" आप्पांनी ड्रायव्हरच्या सीटवरून विचारलं. इंजिन बंद केलं तरी त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावरच होता.

मी नुसती मान हलवली. वाईट बातमी मला तोंडाने सांगता येत नाही.

शिरूरला हायवेलगतच्या एका पीयूसी सेंटरवर मी ऑपरेटर आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलाय. घर दौंडला, राहते शिरूरला मावशीकडे. शाळा इंग्लिश मीडियमची झाली, म्हणून सेंटरचे मालक विलासदादा मला 'इंग्लिश मीडियम' अशीच हाक मारतात. मी कमी बोलते, म्हणजे मला मराठी कमी येतं, असा त्यांचा समज आहे. मी तो दूर केलेला नाही. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात आणि या कामात ते उपयोगी पडतं.

पीयूसी म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचा कागद. पेट्रोलच्या गाडीचं सोपं असतं. इंजिन चालू ठेवायचं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची, आकडा येतो. डिझेलचं तसं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबावा लागतो. इंजिन किंचाळतं. मग सोडायचा, थांबायचं, पुन्हा दाबायचा. असं पाच-सहा वेळा तरी. त्या धुरामुळे किती उजेड अडतो ते मशिन मोजतं. धूर जितका काळा, तितका आकडा मोठा. जुन्या इंजिनाला ही परीक्षा झेपेलच असं नसतं. म्हाताऱ्या माणसाला जिना पळत चढायला लावावं तसं ते आहे.

आप्पांच्या जीपला त्या आठवड्यात पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. इन्स्पेक्टर गाडी बघतात, आणि पीयूसी नसेल तर बघतसुद्धा नाहीत. आमच्याकडे त्यासाठी कॅम्प भरतो. आज जमलं नाही, तर पुढचा कॅम्प महिन्याने. तोवर आरसीची मुदत संपलेली, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची नाही.

एवढंच असतं तर महिना कसाही गेला असता. पण ही जीप साधी नव्हती. न्हावऱ्याला, त्यांच्या गावाला, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून आप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. डाव्या पायाने क्लच दाबतात. पाय नाही तर क्लच नाही, क्लच नाही तर गाडी नाही. मग दौंडच्या एका रिटायर्ड रेल्वे फिटरने गिअरच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ बसवून दिली. हाताने मूठ आवळली की क्लच दाबला जातो. हा बदल रीतसर पास करून आरसीवर चढवलेला होता. त्यामुळे आप्पांचा जीव याच गाडीत अडकलेला. दुसरी कुठलीही गाडी त्यांना चालवता येत नव्हती.

त्यांच्या बायकोने, काकूंनी, हे मला फार थोडक्यात सांगितलं. त्या सेंटरच्या पत्र्याच्या सावलीत उकिडव्या बसल्या होत्या.

"तीन वर्सं ह्ये खाटंवर बसून होते. चहात साखर कमी, भाकर जाड, दार का वाजलं. माझं डोकं खाल्लं निस्तं. गाडी आली आन् मानूस घराबाहेर पडलं." मग त्यांनी आप्पांकडे एकदा बघितलं. "आता थोरले दीर म्हनत्यात, पास न्हाई झाली तर भंगारात घाला. भंगारवाला बघून बी गेला."

"तू गप ऱ्हा," आप्पा म्हणाले.

"का गप ऱ्हाऊ? तुमाला खाटंवर मलाच बघायचंय परत."

आप्पांचा धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. थंडीत त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घाट उतरून खाली जातो. पीठ, औषधं, लसी घेऊन आप्पा दर पंधरवड्याला या जीपने तिकडे जातात आणि येताना आजारी कोकरं घेऊन येतात. मागच्या सीटवर लोकर चिकटलेली होती. ती मी गाडी आल्याबरोबर पाहिली होती, पण तेव्हा तिचा काही विचार केला नव्हता.

शेजारच्या गॅरेजमधून रफिकभाई आले. ते मूळचे उत्तरेकडचे, शिरूरमध्ये बरीच वर्षं काढलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा खोलला, फिल्टर बाहेर काढून सगळ्यांना दाखवला.

"देखो, एकदम नया. हवेचा प्रॉब्लेम नाही मॅडम. डिझेलचा पंप नाहीतर नोझल. पंप खोलायचा तर दोन दिवस."

"दोन दिवस कुठनं आणू?" आप्पा म्हणाले.

"मग एक काम करता येईल." रफिकभाईंनी आवाज खाली आणला. "पंपाचा स्क्रू टाईट करतो. रेस पूर्ण उठणारच नाही. धूर कमी. पास झाली की परत ढिला."

"मशिन आरपीएम बघतं," मी म्हणाले. "रेस पूर्ण उठली नाही तर टेस्ट रिजेक्ट होते." हे खरं होतं. सकाळी पहिल्यांदा अगदी तसंच झालं होतं. आप्पांनी इंजिनाच्या मायेपोटी पाय हळू दाबला होता आणि मशिनने ती टेस्ट धरलीच नव्हती.

रफिकभाई फिल्टर परत बसवायला लागले. तेवढ्यात विलासदादा ऑफिसमधून बाहेर आले. त्यांनी घड्याळ बघितलं. मग रांगेत उभ्या असलेल्या एका नव्या पिकअपकडे बघितलं.

"इंग्लिश मीडियम, जरा इकडं ये."

मी गेले.

"जीपच्या नंबर प्लेटचा फोटो काढलास ना?"

"हो."

"मग नळी त्या पिकअपला लाव. फोटो जीपचा, धूर पिकअपचा. पाच मिनिटांत मोकळं. लंगडा मानूस हाय बिचारा, पुण्य लागंल."

असं कुठे कुठे होतं हे मला माहीत होतं. विलासदादांनी मला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच. तेही वाईट माणूस नाहीत. सकाळपासून आप्पांना दोनदा चहा त्यांनीच पाजला होता.

मी प्रोब, म्हणजे मशिनची नळी, हातात धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर तत्त्व वगैरे माझ्या मनात आलं नाही. मला भीती वाटली. लॉगिन माझ्या नावाचं आहे.

"काय झालं? ऐकू आलं न्हाई?"

"दादा, कॅम्पला साहेब गाडी चालू करायला लावतात." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता. "रेस मारली आणि मागे काळा ढग निघाला, तर ते आधी आपला कागद बघतील. गाडी तर जाईलच. सेंटरपण जाईल."

विलासदादा हनुवटी खाजवत राहिले.

"मला अर्धा तास द्या," मी म्हणाले.

"अर्ध्या तासात तू काय करनार? तू काय मेकॅनिक हायेस?"

मी परत जीपकडे गेले. दोन वाजत आले होते.

काकू उठून माझ्याजवळ आल्या. दादांचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. "पोरी, त्या दुसऱ्या गाडीला लावून बघ ना. कुनाला कळतंय?"

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. बॉनेटच्या आत बघत राहिले. रफिकभाई फिल्टरच्या डब्याचं झाकण लावत होते.

"थांबा. तो पुन्हा दाखवा."

त्यांनी फिल्टर माझ्या हातात दिला. कागदाच्या घड्या जवळजवळ पांढऱ्या होत्या. मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

माझ्या स्कूटीचा फिल्टर शिरूरमध्ये दोन महिन्यांत मातकट होतो. ही जीप तर न्हावऱ्याच्या कच्च्या रस्त्यांवर, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे फिरणारी.

"आप्पा, फिल्टर कधी बदलला होता?"

"झाली की दोन वर्सं." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "आधी दर तीन महिन्याला बदलायचो. आता गरजच पडत न्हाई."

"दोन वर्षं? आणि धूर कधीपासून वाढला?"

त्यांनी आठवून बघितलं. "त्ये बी तवापासनंच म्हना. आधी थोडा व्हता. गाडी वढत बी न्हाई पहिल्यासारखी. वय झालं तिचं."

फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. धूळ आत येते म्हणून तो घाण होतो. दोन वर्षं तो घाण झाला नाही, याचा अर्थ धूळ आत येत नाही. आणि धूळ जिथून येते तिथूनच हवा येते. हवा कमी पडली की डिझेल पूर्ण जळत नाही. ते काळा धूर होऊन मागून बाहेर पडतं.

पण डब्याचं तोंड कुठे दिसत नव्हतं. कंपनीने दिलेला पाईप अर्ध्यातच कापलेला होता. त्याला दुसरा रबरी पाईप जोडून तो क्लचच्या रॉडमागून कुठेतरी खाली गेला होता.

"क्लच कोणी बसवला म्हणालात?"

आप्पांनी नाव सांगितलं. मी त्यांना ओळखत होते. दौंडला आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीतच राहतात. सगळे त्यांना फिटर अंकल म्हणतात. मला फोन करायला आवडत नाही. एरवी कोणालाही मी आधी मेसेज करते. त्या दिवशी सरळ फोन लावला.

"कोण? अगं, ग्रेस! बेटा, एवढ्या दुपारी?"

"अंकल, न्हावऱ्याची जीप. हाताचा क्लच. तुम्ही हवेचा पाईप वळवला का?"

"वळवला ना. क्लचच्या रॉडला जागाच नव्हती. पाईप मध्ये यायचा. तो कापून मी खाली घेतला, उजव्या पुढच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या आड. का, काय झालं?"

"चाकाच्या वर? तिथे तर सगळी धूळ उडते."

"उडते. म्हणून मी सांगितलं होतं, फिल्टर दर तीन महिन्याला बदला. बदलतात ना?"

मी फोन ठेवला आणि चाकापाशी गुडघ्यावर बसले. पत्र्याच्या मागे काही दिसत नव्हतं. मी हात आत घातला. आधी चिखलाचे खपले लागले. मग पाईप लागला. पाईपाच्या टोकाला बोटांना काहीतरी राठ, केसाळ लागलं.

मी ओरडून हात बाहेर काढला.

"उंदीर हाय काय?" विलासदादा हसायला लागले. "इंग्लिश मीडियमला उंदीर चावला!"

काकू चटकन पुढे आल्या. "उंदीर कशाला आसंल? त्ये माझं टोपडं हाय."

विलासदादांचं हसू थांबलं.

"कसलं टोपडं?" आप्पांनी विचारलं. सीटवरून वाकून बघणं त्यांना जमत नव्हतं. दोन वर्षांत त्या चाकाखाली त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"त्या पाईपाला. गाडी धुताना दिसलं मला, चाकाची समदी धूळ त्याच्या तोंडात जायची. बारक्या पोराला वारं लागू नये म्हनून टोपडं घालत्यात का न्हाई, तसं शिवलं. सासूबाईंच्या जुन्या घोंगडीचं. चांगलं दुहेरी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तवापासनं फिल्टर न्हाई बदलावा लागला."

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "काकी, घोंगडीतून तो पानी भी नहीं जाता. हवा कुठून जाणार?"

काकूंचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच गाडीचा गळा आवळला व्हय?"

आप्पांनी स्टिअरिंगवर थोडा वेळ बोटं वाजवली. मग म्हणाले, "बरं झालं, मला न्हाई शिवलं टोपडं."

रफिकभाई पक्कड घेऊन खाली वाकले. गाठ सापडेना. त्यांचा हात मोठा होता, पत्र्यात अडकत होता. कापायला ब्लेड आत जात नव्हतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"सरका," काकू म्हणाल्या. पदर खोचून त्या चाकाजवळ आडव्या झाल्या, गाल जमिनीला टेकवला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटलेले होते. नुसत्या बोटांनी त्या एकेक टाका उसवत होत्या. दहा मिनिटं लागली असतील. मी त्यांच्या डोक्याशी बसून होते आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

घोंगडीचा तो तुकडा बाहेर आला तेव्हा विटेसारखा कडक होता. धूळ, चिखल, तेल, सगळं त्यात भरलं होतं. काकूंनी तो आपटला. लाल धुळीचा लोट उडाला.

आता चौथी टेस्ट. रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, इंजन पुराना आहे. सकाळपासून इतनी बार रेस झाली. बेल्ट तुटला तर इथेच बैठ जाएगा. मग कॅम्प भी गया, गाडी भी गयी."

मी हे आप्पांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. गाडी त्यांची होती.

त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू हात झटकत उभ्या होत्या, गालाला माती लागलेली.

"दाबू का?" आप्पांनी त्यांना विचारलं.

"खाटंवर मरन्यापरीस दाबा."

इंजिन गरम होऊ दिलं. प्रोब घातला. मी हाताने खूण केली आणि आप्पांनी पाय तळापर्यंत नेला. या वेळी त्यांनी जराही कसर ठेवली नाही. जीप थरथरली. साचलेली काजळी सायलेन्सरमधून भसकन बाहेर पडली.

पहिला आकडा २.९७.

"गेली," विलासदादा पुटपुटले.

"पहिले धरत नाहीत," मी म्हणाले. "आत साठलेलं बाहेर पडतं. पुन्हा."

२.७२.

"पुन्हा."

इंजिनाचा आवाज वर जाऊन खाली आला. मी आकड्याकडे न बघता आवाज ऐकत होते. कुठे खडखड होते का, पट्टा चिरकतो का. २.४०. पुन्हा. २.३३. पुन्हा. २.३१. आता फक्त एक हवा होता. मशिनला लागोपाठचे चार आकडे जवळजवळ सारखे लागतात. आप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी शेवटचं दाबलं.

२.२८.

मशिनने सरासरी काढली. २.३३. पास.

मी "पास" म्हणाले ते कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून स्क्रीनच फिरवून दाखवली. आप्पांनी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं आणि पुन्हा चालू झालंच नाही तर, म्हणून. प्रिंट हातात पडली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. कॅम्पचं मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मध्ये कांद्याच्या टेम्पोंची रांग.

"फिल्टर आता लवकर घाण होणार," मी खिडकीतून म्हणाले. "दर तीन महिन्यांनी बदला. टोपडं नको."

"न्हाई, न्हाई," म्हणत काकू चढल्या. जीप निघाली. घोंगडीचा तुकडा आमच्या पायरीवर राहिला.

नंतर मी पिकअप घेतली, दोन रिक्षा घेतल्या, एक मोटरसायकल घेतली. चार वाजले. साडेचार वाजले. आप्पांचा नंबर माझ्यासमोर स्क्रीनवर होता, पण फोन करायचा धीर झाला नाही. विलासदादा दोनदा दारात येऊन रस्त्याकडे बघून गेले. आपण बघतोय हे मला दिसू नये, अशी त्यांची धडपड होती.

पाचच्या सुमाराला हॉर्न वाजला. जीप समोरून गेली, पुढे जाऊन वळली आणि परत आली. मी सवयीने आधी सायलेन्सर बघितला. फिकट राखाडी धूर होता, तोही गिअर बदलताना. मग माणसांचे चेहरे बघितले.

"साह्यबानं तीनदा रेस मारायला लावली," आप्पा म्हणाले. "मागं जाऊन उभा ऱ्हायला. मंग म्हनला, क्लच दाखवा. दहा मिनिटं निस्ता क्लचच बघत व्हता. म्हनला, कुनी केला? म्या म्हनलं, दौंडच्या फिटरनं. म्हनला, झाली पास, जावा."

"आन् रेडियम लावा म्हनला मागं," काकू म्हणाल्या.

"त्ये लावू."

काकूंनी खाली उतरून पायरीवरचा तुकडा उचलला, पुन्हा दोनदा आपटला आणि घडी घालून माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. "दिसभर बसून बूड दुखत आसंल. धुऊन घे मातूर."

ते गेल्यावर विलासदादा म्हणाले, "अर्धा तास म्हणाली हुतीस. दीड तास घेतलास."

त्यांनी त्यानंतर मला दुसऱ्या गाडीला नळी लावायला सांगितलेलं नाही. 'इंग्लिश मीडियम' मात्र अजून म्हणतात.

तुकडा मी दोनदा धुतला. डिझेलचा वास काही गेला नाही, पण खुर्ची मऊ झाली आहे. आणि त्या दिवसापासून जुनी डिझेल गाडी आली की मी आधी फिल्टर मागते. घाण निघाला तर बदलायला सांगते. स्वच्छ निघाला तर बॉनेट बंद करू देत नाही.